अर्जेंटिनातील ग्रामीण तहसिलीची भूगोल-फाइल कशी तयार करावी

परदेशातील एखाद्या ग्रामीण प्रदेशावर फाइल करण्याचे काम शाळेतून मिळाले की इंदुरातील बहुतेक घरांत आधी गावांची यादी उतरवली जाते आणि नकाशा शेवटी चिकटवला जातो. त्याऐवजी आधी पाणी, मग रेल्वे, त्यानंतर गावे आणि सर्वांत शेवटी सीमारेषा असा क्रम ठेवावा, म्हणजे गाव तिथेच का वसले हे नकाशातूनच उलगडत जाते. उदाहरण म्हणून अर्जेंटिनाच्या ब्यूनोस आयर्स प्रांतातील तोर्नकिस्त घेऊ.

या प्रांतात 135 'पार्तिदो' आहेत. पार्तिदोला सोयीसाठी तहसील म्हणता येईल. मात्र तिथे शहर, खेडी आणि शेतजमीन अशा सगळ्यांचा कारभार एकच नगरपालिका पाहते, त्यामुळे फाइलमध्ये ग्रामपंचायतीचा रकाना आखू नये. मुख्य गावाचे नावही तोर्नकिस्तच आहे.

खजुरी बाजारातून ट्रेसिंग पेपर आणावा आणि पहिल्या कागदावर केवळ डोंगर व नद्या काढाव्यात. इथली डोंगररांग वायव्येकडून आग्नेयेकडे जाते, आणि तिच्यातील सेर्रो त्रेस पिकोस हे 1,239 मीटरचे शिखर संपूर्ण प्रांतात सर्वांत उंच आहे. महूजवळच्या जानापावातून चंबळ उत्तरेला निघते आणि चोरल नर्मदेकडे उतरते, तसेच या रांगेतूनही पाणी वेगवेगळ्या वाटांनी जाते: सौसे ग्रांदे अटलांटिकला मिळते, सौसे चिको बाहिया ब्लांकाच्या खाडीकडे वळते, तर चासिको हा ओढा समुद्रापर्यंत न पोहोचता समुद्रसपाटीहून खोल असलेल्या एका खाऱ्या सरोवरात संपतो. या तिन्ही प्रवाहांना तीन रंग द्यावेत. उपग्रहचित्र वापरत असाल, तर हा प्रदेश सुमारे 38 अंश दक्षिण अक्षांशावर असल्याने दुपारी सावल्या दक्षिणेकडे पडतात, हे ध्यानात ठेवून चढ-उतार ओळखावेत.

दुसरा कागद रेल्वेचा, आणि माझ्या मते संपूर्ण फाइलचा जीव त्यातच आहे. 1870 च्या दशकाअखेरीस लष्करी मोहिमेने मूळ रहिवाशांना हुसकावून ही जमीन ताब्यात घेतली, आणि 1884 मध्ये बाहिया ब्लांकाला पोहोचलेला लोहमार्ग तोर्नकिस्तमधूनच गेला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दुसरा मार्ग डोंगराच्या पूर्वेकडून आला. सिएर्रा दे ला व्हेंताना आणि साल्दुंगाराय ही गावे त्यावर आहेत. दोन्ही मार्ग आखून स्थानकांवर ठिपके दिले की वस्त्यांची मांडणी आपोआप दिसू लागते. त्रेस पिकोस नावाचे गावही पहिल्या मार्गावरच आहे. ते शिखराच्या पायथ्याशी दाखवू नये, दोन्हींत बरेच अंतर आहे. व्हिया व्हेंताना मात्र या सूत्रात बसत नाही. तिच्याजवळ 1911 मध्ये एक भव्य हॉटेल उघडले होते. जुगारावरील बंदीने त्याचा आधार गेला आणि 1983 च्या आगीनंतर केवळ अवशेष उरले. आजची ही वस्ती झाडीतील पर्यटनाची आहे, म्हणून तिला वेगळी खूण द्यावी.

तिसऱ्या कागदावर वस्त्यांचे आकार दाखवावेत. अर्जेंटिनाची जनगणना 2,000 किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या ठिकाणाला शहरी मानते आणि त्याखालील ग्रामीण लोकसंख्येचे एकत्र वस्तीतील व विखुरलेली असे दोन भाग करते. विखुरलेले लोक मोठ्या शेतवाड्यांवर राहतात. तिथल्या भाषेत अशा वाडीला 'एस्तांसिया' म्हणतात. चित्रात मोकळ्या शेतांमध्ये झाडांचा चौकोनी पुंजका दिसला, तर तो बहुधा वाऱ्यापासून घराला आडोसा देणारा असतो. त्याला खेडे समजून ठिपका देऊ नये. चित्राची तारीखही तपासावी. माळव्यात गहू मार्चच्या सुमारास निघतो, तिथे तो डिसेंबर-जानेवारीत निघतो, म्हणून ऑक्टोबरातील हिरवी शेते आणि फेब्रुवारीतील पिवळट शेते एकच असू शकतात.

आता सीमारेषा काढावी. सिएर्रा दे ला व्हेंतानाला लागूनच, सौसे ग्रांदे ओलांडताच, व्हिया आर्कादिया लागते. रोजच्या व्यवहारात ती त्याच गावाचा भाग वाटते, पण प्रशासकीयदृष्ट्या ती शेजारच्या कोरोनेल सुआरेस पार्तिदोत मोडते. ती नकाशात ठेवावी, रंग मात्र शेजारच्या पार्तिदोचा द्यावा आणि तोर्नकिस्तच्या लोकसंख्येच्या बेरजेतून तिला वगळावे.