चौदा माणसं आणि दोन वाढीव ताटं: मोठ्या घरचा रोजचा स्वयंपाक कसा सांभाळावा

आमच्या घरात रोज चौदा माणसं जेवतात, पण भाकरी सोळा जणांच्या होतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात मी सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं, "दोन ताटं जास्तीचे धरत जाय. कोन येईन ते इचारू नको, येतेच कोनी ना कोनी."

ही सवय घराला कशी लागली, तेही त्यांनीच सांगितलं. आमचं घर ख्रिस्ती. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं विद्यालय, सुरू झाली. वेगवेगळ्या प्रांतांतली मुलं तिथे शिकायला येत. रविवारी त्यातली दोन-तीन आमच्या गावच्या उपासनेला यायची आणि जेवायला आमच्याकडे थांबायची. काहींना मराठी येत नसे, पण ताट पुढे केल्यावर भाषा लागत नाही. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला गेली. दोन ताटं मात्र घरात राहिली.

नव्याने एकत्र राहायला लागलेल्या किंवा येणंजाणं फार असलेल्या घरातल्या बाया मला विचारतात, एवढं कसं जमतं? जमतं, पण त्याला बेत लागतो. तो असा.

आधी मापं बांधून घ्या

एकच बाई रोज रांधत असेल तर हाताचा अंदाज चालतो. आमच्याकडे तीन जावा पाळीपाळीने चुलीपुढे बसतो. प्रत्येकीचा अंदाज वेगळा, त्यामुळे कधी भात उरायचा, कधी वरण कमी पडायचं. शेवटी आम्ही एक स्टीलचा डबा ठरवला आणि त्यावर खिळ्याने खुणा केल्या. सोळा जणांच्या एका वेळेला आम्हाला एवढं लागतं: ज्वारीचं पीठ अडीच किलो, म्हणजे साधारण तीस भाकरी, तुरीची डाळ पाऊण किलो, तांदूळ एक किलो, चिरलेली भाजी दोन-अडीच किलो. घरात लहान मुलं जास्त असतील तर भाकरी कमी करा, भात वाढवा. कापसाची वेचणी सुरू झाली की शेतात जाणाऱ्या प्रत्येकामागे एक भाकर जास्त धरा. दिवसभर वाकून वेचणाऱ्याची भूक घरी बसलेल्याला कळत नाही.

सरपणाचाही बेत असावा. आमच्याकडे गॅस आहे, पण एवढ्या भाकरी चुलीवरच होतात. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, भडकन पेटतात आणि लवकर विझतात, त्या भाकरीच्या तव्याखाली चांगल्या. डाळीला बाभळीचं लाकूड लावावं, ते संथ जळतं. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवणाला. डाळ चुलीवर चढवून मग भाकरी थापायला बसा. मागच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या मागच्या तोंडावर, आंघोळीचं पाणी तापतच असतं.

रोज वाढवता येईल असंच रांधा

दोनाचे पाच पाहुणे झाले तर काय? म्हणून आठवड्याच्या दिवसांत मोजून वाढायचे पदार्थ करू नका. उकडलेली अंडी, वडे, कटलेट असलं माणशी मोजावं लागतं. वाढणारी बाई मनात आकडे करत राहते आणि पाहुण्याला ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. वरण, पातळ भाजी, कढी, आलू-वांग्याचा रस्सा यांना असा हिशेब लागत नाही.

तरीही कमी पडलं तर चून करा. बाकी महाराष्ट्र ज्याला पिठलं म्हणतो ते. पाव किलो बेसन आठ जणांना पुरतं. बेसन थंड पाण्यात आधी पातळ कालवून घ्या, गुठळी तिथेच मोडा. कढईत तेल, मोहरी, जिरं, चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, मग हळद. त्यावर लिटरभर पाणी आणि मीठ घालून खळखळ उकळू द्या. आता एका हाताने कालवलेलं बेसन बारीक धारेने सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. जाळ कमी करून झाकण ठेवा, आठ-दहा मिनिटं शिजू द्या. कच्चं बेसन पोटात दुखवतं, म्हणून इथे घाई नको. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. पाहुणा हातपाय धुऊन, पाणी पिऊन, गावाकडची खबर सांगेपर्यंत चून तयार असतं.

चटण्या कायम भरलेल्या ठेवा. जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची अशी एकेक बरणी असली की ताट रिकामं दिसत नाही. पावसाळ्यात अंबाडी उगवली की तिची भाजी ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तूरडाळ घालून शिजवा. आंबटपणामुळे भाकरी दोन घास जास्त जाते, तेवढं पीठ त्या दिवशी वाढवून मळा.

पाहुणा दारात आला की

"सलाम", म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा नमस्कार, झाला, की आधी गूळ-पाणी. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. उन्हातून आलेल्याला लगेच चहा देऊ नका. माठाचं पाणी, मग ताक किंवा पन्हं. अंबाडीच्या लाल बोंडांच्या पाकळ्या वाळवून ठेवल्या असतील तर त्या रात्रभर भिजवून त्याचं सरबत होतं, तेही चांगलं.

"जेवाल का?" असं विचारू नका. भला माणूस "नाही, जेवूनच निघालो" असंच म्हणणार. "ताट वाढलंय, हात धुवा," एवढंच म्हणा. सासरे यावर बायबलमधल्या अब्राहामाचं उदाहरण देत. भर दुपारी तीन अनोळखी माणसं तंबूपुढे दिसली तेव्हा त्याने कुठून आलात, कोण तुम्ही, असं काही विचारलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं, झाडाखाली बसवलं आणि बायकोला, साराला, पीठ मळायला सांगितलं.

पण आग्रहालाही डोळे हवेत. आमच्या गल्लीत वारकरी आहेत, महानुभाव आहेत, काही घरी सोमवार-एकादशी असते. त्यांच्यासाठी एक गंज (पातेलं), एक कढई आणि एक सराटा (उलथणं) वेगळा ठेवा आणि त्यात मांस-मच्छी कधीच शिजवू नका. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना विचारण्याचा संकोच पडत नाही. उपवास असणाऱ्यासाठी भगर आणि शेंगदाणे घरात असावेत. आणि कोणी आपल्या घरचं शिजवलेलं खात नसेल, तर त्याचा राग धरू नका. जुन्या रिती एका दिवसात जात नाहीत. अशा पाहुण्यापुढे केळी ठेवा, दूध द्या, निघताना शिधा बांधून द्या: पीठ, डाळ, गूळ, मिठाची पुडी. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आमच्याकडून अनेक वर्षं शिधाच नेला. एका पावसाळी संध्याकाळी नाल्याला पूर आला, त्यांना पलीकडे जाता येईना. त्या रात्री ते आमच्या पंगतीला बसले. कोणी काही बोललं नाही, वाढणारीने फक्त आणखी एक भाकर तव्यावर टाकली.

जेवणाआधीची प्रार्थना चुकवू नका, पण पाहुण्यावर लादूही नका. दोन वाक्यांत आभार माना, रांधणाऱ्या हातांची आणि समोर बसलेल्या पाहुण्याची नावानिशी आठवण करा, आमेन म्हणा. पाहुणा नुसता बसून राहिला तरी चालतं. लांबलचक प्रार्थनेत वरण थंड होतं आणि मुलं डोळे किलकिले करून ताटाकडे पाहत राहतात.

बाया शेवटी जेवणार नाहीत, असं ठरवा

हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. माणसांची पंगत, मग मुलांची, मग पाहुण्यांची आणि शेवटी गंजाच्या तळाशी जे उरेल ते बायांचं, ही रीत आमच्याकडेही होती. दुसऱ्या वेळी मला दिवस गेले तेव्हा तपासणीत अंगात रक्त फार कमी निघालं. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचं ऐकून घेतलं, घरी आल्या आणि त्याच रात्री सगळे गंज उचलून चटईच्या मधोमध ठेवले. "आता सारे संगंच बसा. ज्याले जे पाहिजे ते त्यानं घ्याव."

तेव्हापासून आम्ही असंच बसतो. गोलात बसायचं, गंज मध्ये, प्रत्येकापाशी पाण्याचा पेला. भाकरी आधीच थापून टोपल्यात फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, म्हणजे कोणी चुलीपाशी अडकत नाही. ऊन ऊन भाकर तव्यावरून थेट ताटात हवी, असं माझ्या दिरांना सुरुवातीला वाटायचं. त्यांना एक आठवडा चुलीपुढे बसवलं, मग वाटेनासं झालं. माणसं जास्त झाली आणि दोन पंगती कराव्याच लागल्या, तर पहिल्या पंगतीत म्हातारी माणसं, लहान मुलं, पाहुणे आणि गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई बसेल. तिचं ताट पाहुण्याच्या ताटाबरोबरच वाढलं जावं.

कामं वाटतानाही हाच विचार ठेवा. आमच्याकडे सहा ते दहा वर्षांची मुलं पाणी भरतात, चटया टाकतात, ताटं मांडतात. मोठी मुलं, मुलगा असो की मुलगी, भांडी घासतात. मोठे बाबा गुडघ्यांमुळे शेतात जाऊ शकत नाहीत, ते ओसरीत बसून लसूण सोलतात आणि तुरीच्या शेंगांचे सोले काढतात. नातवंडं त्यांच्याभोवती बसतात, निम्मे सोले तोंडात जातात. तेही हिशेबात धरा.

रविवारी गोळाभात

रविवारी चर्च सुटल्यावर किती माणसं घरी येतील, सांगता येत नाही. पाळकसाहेब येतात, बाहेरगावची एखादी मंडळी येते. त्या दिवशी आम्ही कोंबडीच्या रश्शाच्या मागे लागत नाही. एकाच गंजात वीस माणसं जेवतात असा गोळाभात करतो.

वीस जणांना तांदूळ दीड किलो. भंडारा-गोंदियाकडचा जुना, जाडसर तांदूळ घ्या. नवा तांदूळ चिकट होतो आणि गोळे त्यात रुततात. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा पाऊण किलो. तो जाडसर दळलेला हवा, बारीक बेसनाचे गोळे दगडासारखे होतात.

चर्चला जाण्याआधी भरडा मोजून ठेवा, कांदे चिरून ठेवा, गंज घासून ठेवा. कालवू मात्र नका, तासभर कालवून ठेवलेला भरडा कोरडा पडतो. परत आल्यावर तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवा आणि तेवढ्यात भरड्यात तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन घाला. तेल सढळ हवं. पाणी मात्र हातानेच शिंपडा. मुठीत दाबल्यावर गोळा नुसता धरून राहिला पाहिजे. फार घट्ट वळला तर मध्ये कच्चा राहतो, सैल राहिला तर भातात विरघळतो. लिंबाएवढे गोळे वळा, माणशी दोन-तीन येतात.

गंजात तेलावर मोहरी, कांदा परता, तांदूळ परता, मापाने दुप्पट उकळतं पाणी आणि मीठ घाला. पाणी आटून भाताच्या पातळीला आलं आणि वर बारीक भोकं दिसू लागली, की गोळे भातावर अलगद ठेवा, थोडा भात त्यांच्यावर ओढा आणि जड झाकण लावा. चुलीतली लाकडं बाहेर ओढून नुसत्या निखाऱ्यांवर वीस मिनिटं राहू द्या. मध्ये झाकण उघडू नका.

खरी चव वरच्या फोडणीत आहे. वाटीभर तेलात मोहरी, हिंग, लसूण आणि भिवापुरी लाल मिरच्या खरपूस होऊ द्या. वाढताना भातावर गोळा कुस्करायचा, वर चमचाभर फोडणीचं तेल, शेजारी कढी किंवा चिंचेचं सार. कढी मोठ्या गंजात करा. माणसं वाढली तर भात थोडा कमी आणि कढी थोडी जास्त, कोणाला कळतही नाही.

संध्याकाळ

रात्रीचं जेवण हलकं ठेवा: खिचडी, किंवा वरणफळं. त्याआधी दिवेलागणीला कुटुंबाची प्रार्थना. वीस मिनिटांच्या वर नको. एक भजन ढोलकी आणि टाळांवर, एका मुलाचं शास्त्रवाचन, मग आजारी माणसांची, पावसाची, परीक्षांची नावं घेऊन प्रार्थना. वाचायची पाळी फिरती ठेवा. आमच्या धाकट्या पुतण्याला जोडाक्षरं येत नव्हती, ती याच वाचनात आली. पाहुणा असेल तर त्याला आवडीचं भजन विचारा.

वर्षाची बेगमी उन्हाळ्यात. कुरड्या, शेवया, मूगवड्या, पापड गल्लीतल्या बायांना बोलावून एकत्र करा, आज आमच्या अंगणात तर उद्या त्यांच्या. दिवाळीला त्यांचा फराळ येतो, नाताळला आपल्या करंज्या-अनरसे त्यांच्याकडे जातात. त्यांचं ताट रिकामं परत करू नये. घरात काहीच नसेल तर मूठभर साखर ठेवा.

झोपण्याआधी दोन भाकरी, वाटीभर वरण आणि चटणी ताटात काढून टोपलीखाली झाकून ठेवा. शेवटची एसटी उशिरा येते. कोणी आलं, तर त्याला घरातल्या कोणाला उठवून-विचारून जेवण शोधावं लागत नाही. कोणी आलं नाही, तर सकाळी त्या भाकरी हाताने कुस्करा, कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि हळदीच्या फोडणीवर टाका, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. शाळेत जाणाऱ्या मुलांची न्याहारी होते.