पिकअप वळवताना खरखर येते? निदान करताना या चुका टाळा

पिकअप वळवताना खरखर ऐकू आली की चाकाचे बेअरिंग (ज्यावर चाक सहज फिरते तो भाग) गेले असे गृहीत धरून ते थेट बदलायला सांगणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आवाज गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर येतो की चाके फिरू लागल्यावरच, तो वेगाबरोबर वाढतो का आणि कोणत्या बाजूला वळताना अधिक येतो, हे चालकाने आधी नीट पाहिले, तर मेकॅनिकचे अर्धे काम तिथेच होते.

बेअरिंगची घरघर वेगाबरोबर चढत जाते. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. म्हणून त्या वेळी आवाज वाढला, तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यावा. अनेक जण नेमके उलटे समजतात आणि चांगले बेअरिंग काढून टाकतात. मुंबईत यात पावसाळ्याची भर पडते. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की झिजलेल्या सीलमधून पाणी हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, शिरते, ग्रीस खराब होते आणि बेअरिंग गंजू लागते. आवाज मात्र बऱ्याच दिवसांनी सुरू होत असल्याने मूळ कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. टेपर रोलर (निमुळत्या रोलरचे) बेअरिंग असलेल्या हबमध्ये ग्रीस भरल्यावर नट अति आवळला, तर नवे बेअरिंगही तापून जळते.

काही वेळा दोष अगदी किरकोळ असतो. खड्ड्यातली खडी ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यामध्ये अडकते, किंवा तो पत्राच वाकून डिस्कला घासतो. चाक काढून हे आधी पाहावे, कारण पत्रा सरळ करायला सुटा भाग लागत नाही.

उभ्या गाडीतच आवाज येत असेल, तर हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची पातळी तपासावी. स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून धरून ठेवल्यावर पंप कण्हतो, तो बिघाड नव्हे. तसे धरून मात्र ठेवू नये. फक्त मागच्या चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या पिकअपमध्ये पुढे सीव्ही जॉइंट (इंजिनाची ताकद वळत्या चाकापर्यंत पोचवणारा सांधा) नसतोच, त्यामुळे तो बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर स्पष्ट नकार द्यावा. मागून, केवळ वळणावर घरघर येत असेल, तर डिफरन्शियलचे (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचे) तेल पाहावे.

चाचणी रिकाम्या गाडीवर घेणे हीही नेहमीची चूक आहे. वाशीच्या बाजारातून माल भरून निघालेली गाडी खाली बसते, टायर पूर्ण वळणात मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो, आणि गॅरेजसमोर रिकामी फिरवली की तो आवाज येतच नाही. आवाज भरलेल्या गाडीतच येत असेल, तर मेकॅनिकला भरलेली गाडीच दाखवावी. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर ब्रेकचे पॅड संपले असण्याची शक्यता मोठी असते. अशी गाडी भरलेली असो वा रिकामी, ती रस्त्यावर पुढे न नेता मेकॅनिकला जागेवर बोलवावे.