मुळांवरील उपयुक्त बुरशी जपत मातीची सुधारणा कशी करावी

बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी मायकोरायझा बुरशीचे सहजीवन असते. वनस्पती तिला शर्करा पुरवते आणि बुरशीचे अतिसूक्ष्म तंतू मूळकेसांच्या आवाक्यापलीकडे पसरून, मातीत जवळजवळ जागच्या जागी अडकून राहणारे स्फुरद (फॉस्फरस) मुळांपर्यंत आणून देतात. म्हणून मातीत काही मिसळताना या बुरशीचाही विचार करावा.

आरंभ माती परीक्षणाने करावा आणि अहवालात सामूबरोबर (पीएच, म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) उपलब्ध स्फुरद आवर्जून पाहावे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे, कारण स्फुरद मुबलक मिळू लागले की वनस्पती बुरशीला द्यायची शर्करा आखडती घेते आणि मुळांतील बुरशीचा प्रसार घटतो. स्फुरद पुरेसे असेल, तर सुपर फॉस्फेट आणि हाडांचा चुरा दोन्ही टाळावेत. सेंद्रिय खतालाही हाच नियम लागू आहे: कोंबडीखत पिकाच्या नत्राच्या गरजेप्रमाणे दरवर्षी घातले, तर स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडून मातीत साठत जाते.

त्यानंतर पूर्ण कुजलेले कंपोस्ट पातळ थराने पसरून केवळ वरच्या मातीत हलकेच मिसळावे. खोल खणल्याने तंतूंचे जाळे तुटते आणि नव्या रोपाला ते आयते मिळत नाही. कच्चा लाकडी भुसा मात्र मिसळू नये, कारण तो कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. आच्छादन म्हणून तो वर पसरता येतो.

बायोचार (कमी हवेत जाळून केलेला वनस्पतिजन्य कोळसा) वापरायचा असल्यास तो आधी काही आठवडे कंपोस्टमध्ये मुरवावा, अन्यथा तो सुरुवातीला अन्नद्रव्ये स्वतःकडेच धरून ठेवू शकतो. तो बहुधा सामू वाढवतो, त्यामुळे आधीच अल्कधर्मी असलेल्या जमिनीत जपून वापरावा.

मायकोरायझा बुरशीचे तयार संवर्धक (विकत मिळणारे जिवंत बुरशीचे मिश्रण) लागवडीच्या वेळी थेट मुळांना लागेल असे घालावे. कोबी, मोहरी, पालक व बीट यांच्यासाठी मात्र ते विकत घेऊ नये. या पिकांची मुळे सहसा हे सहजीवन जोडतच नाहीत.

शेवटी, वाफ्याची एक पट्टी काहीही न मिसळता तशीच राखावी आणि दोन्हीकडील रोपांची उंची, पानांचा रंग व उत्पन्न नोंदवावे. कोणत्या बदलाचा परिणाम झाला हे कळण्यासाठी एका हंगामात एकच घटक बदलावा.