मॅश तुंबला? आधी नळ बंद करा : वर्ट गाळताना या चुका टाळा

बिअर करताना मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेला भरडलेला मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), गाळून त्यातला गोड रस काढतात. हा रस म्हणजे वर्ट. वर्टची धार नीट चालू असते. मग ती सुतळीएवढी होते, थेंबांवर येते आणि थांबते. वर धान्यावर चार बोटे पाणी उभे आहे, खाली मात्र काहीच उतरत नाही. अशा वेळी हात आपसूक नळाकडे जातो आणि नळ पूर्ण उघडला जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

वर्ट गाळण्याचे खरे काम भांड्याच्या तळाची जाळी करत नाही, बार्लीची तुसे करतात. जाळी त्यांना फक्त पेलून धरते. तुसांचा थर सैल आहे तोवर वर्ट त्यातून वाट काढतो. नळ जास्त उघडला की जाळीखालून ओढ लागते, वरचे पाणी थराला खाली दाबते आणि वाटा मिटतात. धार कमी झाली म्हणून नळ आणखी उघडाल तर ओढ वाढेल आणि थर अजून घट्ट बसेल. म्हणून धार मंदावताच नळ बंद करा.

थर बसला की जाळी बुजली?

उपाय करण्याआधी हे ओळखायला हवे. नळाच्या नळीला फनेल लावा, फनेल मॅशच्या पातळीपेक्षा फूटभर वर धरा आणि नळ उघडून त्यातून ७८ ते ८० अंश सेल्सिअसचे लिटरभर पाणी सोडा. पाणी सहज आत गेले, तर नळ आणि जाळी मोकळी आहे, दोष थराचा. पाणी फनेलमध्येच तुंबून राहिले, तर नळात, नळीत किंवा जाळीत काहीतरी अडकले आहे.

ही तपासणी म्हणजेच अर्धा उपायही आहे. खालून येणारे पाणी थर उचलते आणि जाळीला चिकटलेले पीठ मागे ढकलते. असे दोन-तीन लिटर सोडा, नळ बंद करून पाच मिनिटे थांबा आणि मग नळ अगदी थोडा उघडा. बऱ्याचदा एवढ्यावर काम भागते. नळीत तोंडाने फुंकू मात्र नका. आतला वर्ट ६५ अंशांच्या वर असतो, उलटून तोंडावर आला तर भाजते.

तरीही हलले नाही, तर

आता मॅश पूर्ण ढवळायला हवा. गढूळ होईल म्हणून लोक हे टाळतात आणि तासभर थेंब मोजत बसतात. ढवळा, पण जाळी खरवडू नका. ढवळतानाच गरम पाणी घाला, कारण थंड वर्ट घट्ट असतो आणि गरम पातळ.

इथे हिशेब चुकतो. ५ किलो मॉल्ट आणि १५ लिटर पाण्याचा ६६ अंशांवरचा मॅश घ्या. त्यात ८० अंशांचे ३ लिटर पाणी ओतले तर तो जेमतेम ६८ वर जातो. ७५ गाठायला उकळते पाणी साधारण सहा ते साडेसहा लिटर लागते. भांड्यात तेवढी जागा आहे का ते आधी बघा, आणि जेवढे घालाल तेवढे स्पार्जच्या, म्हणजे उरलेली साखर धुऊन काढायला धान्यावर नंतर सोडायच्या, पाण्यातून वजा करा. ७८ च्या वर जाऊ नका. तुसांतला तुरटपणा वर्टमध्ये उतरू लागतो.

तापमान चढवण्याआधी पांढऱ्या बशीत वर्टचा एक थेंब घ्या आणि त्याला आयोडीनचा थेंब लावा. निळा-काळा रंग आला तर स्टार्च अजून शिल्लक आहे, आणि चिकटपणाचे एक कारण तेही असते. मग ६६-६७ वर आणखी १५ मिनिटे ठेवा. घाईने ७५ वर नेल्यास स्टार्चची साखर करणारे एन्झाइम निकामी होतात आणि तो स्टार्च तसाच बिअरमध्ये जातो.

ढवळून झाल्यावर दहा मिनिटे अजिबात हात लावू नका, थर पुन्हा बसू द्या. मग पहिले तीन-चार लिटर हळूच काढून परत वरून ओता. वर्टमध्ये तुसांचे तुकडे दिसेनासे झाले की उकळण्याच्या भांड्याकडे वळवा.

सुरीने थराला चिरा देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. चिरा फक्त वरच्या अर्ध्या भागात द्या आणि स्पार्ज संपत आल्यावरच. त्याआधी दिल्या तर पाणी चिरांतून सरळ खाली पळते आणि साखर धान्यातच राहते.

मूळ चूक बहुधा भरडताना झालेली असते

मॉल्ट भरडायचे असते, दळायचे नसते. मूठभर भरड पांढऱ्या कागदावर पसरा. तुसे जवळपास अखंड आणि रिकामी दिसावीत, दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत, पीठ थोडेच असावे. तुसांचाच चुरा दिसत असेल तर गाळणीच मोडली असे समजा. बार्लीसाठी रोलरमधले अंतर १ मिमीच्या आसपास ठेवा. बँकेचे कार्ड ०.७६ मिमी जाड असते; ते रोलरमध्ये घट्ट बसत असेल तर अंतर फार कमी आहे. भरडण्याआधी किलोमागे २० मिली पाणी शिंपडून, हाताने कालवून दहा मिनिटे ठेवा. तुसे चामड्यासारखी लवचिक होतात आणि फुटत नाहीत. मेहनत नगण्य, फायदा मोठा.

गहू, राय (गव्हासारखे एक धान्य) आणि ओट्सची गोष्ट निराळी. गहू आणि राय मळणीतच तूस सोडतात, ओट्सही सहसा सोललेलेच मिळतात. शिवाय ओट्स आणि रायमध्ये बीटा-ग्लुकन हा चिकट पदार्थ असतो, त्याने वर्ट बुळबुळीत होतो. अशा वेळी भाताची तुसे घाला: निम्मा गहू असेल तर धान्याच्या ५ टक्के, म्हणजे ५ किलोला २५० ग्रॅम, राय किंवा ओट्स भरपूर असतील तर ८ ते १० टक्के. आधी गरम पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर ती मॅशचे पाणी पितात. मॅश कालवतानाच सगळीकडे मिसळा. नुसती तळाशी अंथरली तर वरचा थर चिकटच राहतो. साखर त्यांतून येत नाही, त्यामुळे ग्रॅव्हिटीच्या (वर्ट किती गोड, दाट आहे त्याच्या मापाच्या) हिशेबात धरू नका. राय किंवा ओट्स पाव हिश्श्याहून जास्त असतील तर मॅश आधी ४० ते ४५ अंशांवर २० मिनिटे ठेवा. बीटा-ग्लुकन तोडणारे एन्झाइम ६० च्या वर टिकत नाही, त्यामुळे एकदा ६६ ला पोचलात की ही संधी गेली.

बाकी छोट्या चुका

किलोला अडीच लिटरपेक्षा कमी पाणी घेऊ नका. तीन लिटर बरे. धान्य टाकण्याआधी जाळी बुडेल एवढे पाणी तळाशी असू द्या, म्हणजे खाली हवा अडकत नाही. ढवळताना जाळी उचलली गेली की भरड तिच्याखाली शिरते आणि नळ बुजतो. जाळीऐवजी स्टीलची विणलेली नळी वापरत असाल तर ती धान्याच्या वजनाने चपटी होते, म्हणून आत तारेची स्प्रिंग घाला. पंप लावलात तर प्रवाह त्याच्या पुढच्या नळाने आवरा.

आणि धार? अर्धा लिटरचा मग भरायला एक मिनिट लागेल एवढीच. पहिली पाच मिनिटे त्याहूनही कमी. २५ लिटर गोळा करायला पाऊण ते एक तास जातो, तेवढा जाऊ द्या.

काहीच जमले नाही तर मॅश मगाने काढून बारीक जाळीच्या पिशवीत ओता, पिशवी उचलून निथळू द्या आणि निथळलेल्या धान्यावर स्पार्जचे पाणी सोडा. वर्ट गढूळ येईल, तो चालतो. फक्त उकळायला लावण्याआधी चाळणीतून गाळून घ्या, कारण तुसे वर्टबरोबर उकळली तर तुरटपणा बिअरमध्ये उतरतो आणि तो नंतर काढता येत नाही.