रंगात रंग मिसळणारं क्रोशाचं ब्लँकेट: त्याच त्या चुका टाळा

पाच रंगांचे पाच पट्टे एकाखाली एक विणले तर झेंडा तयार होतो. रंग एकमेकांत विरघळत जाणारं ब्लँकेट त्याने होत नाही. तरी दर थंडीत असे झेंडे विणले जातात आणि मग विचारणा होते, ‘फोटोतल्यासारखं का नाही आलं?’ रंगांचा क्रम, नमुना (आधी विणून बघायचा छोटा चौकोन) आणि वजन या तीन गोष्टी सुई हातात घेण्याआधी ठरवाव्या लागतात. त्या न ठरवताच साखळी घातली गेलेली असते, म्हणून नाही आलं.

आधी पद्धत सांगते, कारण चुका तिच्याच आहेत. लोकरीचे दोन पदर एकत्र धरून विणायचं. रंग फिकटाकडून गडदाकडे लावायचे. समजा दुधी, फिकट अबोली, अबोली, डाळिंबी आणि वांगी असे पाच घेतले. पहिला पट्टा दुधी-दुधी, दुसरा दुधी-फिकट अबोली, तिसरा फिकट अबोलीचेच दोन पदर, चौथा फिकट अबोली-अबोली, असं करत वांगी-वांगीपर्यंत जायचं. पाच रंगांचे नऊ पट्टे होतात. दर वेळी दोनातला एकच पदर बदलतो. सगळी जादू एवढीच आहे.

रंग नावाने निवडणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. गुलाबी आवडतो, मोरपंखी आवडतो, केशरी तर हवाच, म्हणून तिन्ही उचलायचे आणि ‘मध्ये मिसळतील आपोआप’ म्हणायचं. आपोआप काही मिसळत नाही. दोन पदर शेजारीशेजारी असतात, रंगासारखे एकमेकांत कालवले जात नाहीत. जवळून ठिपके दिसतात आणि लांबून डोळा त्यांची सरासरी काढतो. मोरपंखी आणि केशरीची, किंवा लाल आणि हिरव्याची ती सरासरी मातकट येते. यावर हमखास उत्तर मिळतं, ‘पण धूपछाव साडीत तर छान दिसतं!’ धूपछावीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यावर रेशमाची चमक. कोन बदलला की कधी हा रंग पुढे येतो, कधी तो. ॲक्रिलिकच्या फुगीर पदरांना ते जमत नाही.

मोरपंखीपासून केशरीपर्यंत जायचंच असेल तर वळसा घालून जा: मोरपंखी, पोपटी, लिंबाचा पिवळा, आंब्याचा पिवळा, केशरी. किंवा मध्ये दुधी वा फिकट राखाडी ठेवून दोन्ही बाजूंनी तिथे या.

रंगाइतकाच गडद-फिकटपणा महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी बघत नाही. दुधी आणि वांगी थेट जोडले तर मधला पट्टा तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीसारखा दिसतो. हौसेने तसा केलात तर ठीक, पण पुढे ‘ठिपके का दिसतात?’ म्हणून विचारू नका. पाचही गोळे क्रमाने मांडून मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. राखाडीच्या पायऱ्या साधारण सारख्या उतरल्या पाहिजेत. एखादी पायरी फारच उंच दिसली तर ब्लँकेटवर तिथेच आडवी रेघ दिसणार. दोन रंग जवळपास सारखेच राखाडी दिसले तर मात्र घाबरू नका, तिथे जोड उलट मऊ येतो. हे सगळं उजेडात करा. दुकानातल्या दिव्यांखाली दुधी आणि मोतिया एकच दिसतात आणि अबोली कधी पिवळट, कधी गुलाबट. गोळे दुकानाच्या पायरीवर आणून बघायला लाज कसली?

खरी परीक्षा एका जुन्या लग्नपत्रिकेवर होते. जाड पुठ्ठ्याची एक लांब पट्टी कापा. पहिल्या पट्ट्याचे दोन पदर हलकेच पिळून तिच्यावर दहा वेढे घ्या. मग दुसऱ्या पट्ट्याचे दहा, तिसऱ्याचे दहा, असे नऊही. पट्टी समोर टेकवून तीन पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करून बघा. जिथे नजर अडते तिथला रंग बदला, किंवा तेवढ्या दोन रंगांमध्ये आणखी एक मधली छटा घाला. पंधरा मिनिटांचं काम आहे. ज्यांना ही पंधरा मिनिटं नसतात, त्यांना पुढे चाळीस ओळी उसवायला मात्र दुपार मिळते.

सगळ्या रंगांची सारखीच लोकर घेणं

नेहमीचा प्रसंग असा. बाळंतविड्यासाठी ब्लँकेट करायचं ठरतं, पाच रंग, प्रत्येकी तीन गोळे. हिशोब सोपा, दुकानदारही खूश. विणकाम जोरात सुरू होतं. दुसरा रंग चौथ्या पट्ट्याच्या मध्यावर संपतो, तेव्हा कळतं की तिसरा आणि चौथाही पुरणार नाही. दुकानात परत जावं तर शेड नंबर तोच, पण लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, वेगळा. गोळे शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही, म्हणून घेतले जातात. पुढच्या आठ ओळी विणून ब्लँकेट खाटेवर पसरलं की बरोबर मधोमध कुणी खडूने ओढावी तशी रेघ. तोवर बाळ घरी आलेलं असतं, उसवायला वेळ नसतो आणि पहिल्या रंगाची लोकर उरून बसलेली असते.

चूक हिशोबात होती. वरच्या नऊ पट्ट्यांत कोणता रंग किती पदर येतो ते मोजा. टोकाचा रंग स्वतःच्या पट्ट्यात दोन पदर आणि शेजारच्यात एक, म्हणजे तीन. मधला रंग स्वतःच्या पट्ट्यात दोन आणि दोन्ही शेजाऱ्यांत एकेक, म्हणजे चार. तीन-चार-चार-चार-तीन, एकूण अठरा भाग. हे पाठ करून टाका.

आता एक भाग म्हणजे किती ग्रॅम, ते नमुना सांगतो. ज्या सुईने आणि ज्या टाक्याने ब्लँकेट करणार त्यानेच २० सेंमी बाय २० सेंमीचा चौकोन विणा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. समजा २७ ग्रॅम भरला. १०० बाय १२० सेंमीच्या ब्लँकेटमध्ये असे ३० चौकोन बसतात, म्हणजे ८१० ग्रॅम. अठराने भागलं की एका भागाला ४५ ग्रॅम. दहा टक्के जास्त धरून ५०. म्हणजे ५० ग्रॅमचे गोळे मिळत असतील तर टोकाच्या रंगांचे तीन-तीन, मधल्यांचे चार-चार आणि दर पट्ट्याला दोन गोळे. तुमचा हात घट्ट असेल तर चौकोन जड भरेल आणि आकडे बदलतील. माझे आकडे उतरवून घेऊन दुकानात जाऊ नका.

‘नमुना नाही केला तर चालेल का?’ हा प्रश्न दर आठवड्याला येतो. चालेल की, वरच्या प्रसंगासारखं चालेल.

तीन पदर घेतलेत तर बदल आणखी मऊ होतो: पहिल्या रंगाचे तीन, मग दोन-एक, मग एक-दोन, मग दुसऱ्याचे तीन. पाच रंगांचे तेरा पट्टे होतात. टोकाच्या रंगाला सहा भाग आणि मधल्याला नऊ, एकूण ३९. लोकर मात्र पातळ घ्या, नाहीतर ब्लँकेटची सतरंजी होते.

मधून बाहेर वाढणारा चौकोन करणाऱ्यांचा घोटाळा याहून मोठा असतो. तिथे पट्टे सारख्या रुंदीचे दिसले तरी प्रत्येक पट्टा आधीच्याला वेढा घालून जातो. एकेका रंगाचे पाच सारख्या रुंदीचे पट्टे असतील तर लोकर १ : ३ : ५ : ७ : ९ या प्रमाणात लागते. किलोभर लोकरीच्या ब्लँकेटमध्ये मधल्या रंगाला ४० ग्रॅम आणि बाहेरच्याला ३६०. शेवटचा रंग कमी पडतो त्याचं कारण हे. दुकानदाराने काही कमी मापाने दिलेलं नसतं.

लॉट बदललाच तर एक उपाय आहे. जुना गोळा पूर्ण संपायच्या आत नवा सुरू करा. पट्टा एकाच रंगाचा असेल तर एक पदर जुन्या लॉटचा आणि एक नव्याचा धरा. जोडाच्या पट्ट्यात दोन ओळी जुन्या, दोन नव्या असं आठ-दहा ओळी करा. फरक विरून जातो. पण हे जुनी लोकर हातात असतानाच जमतं, म्हणून लेबलं फेकू नका.

दोन्ही पदर एकदम कापणं आणि ओळ संपल्यावर रंग बदलणं

दुधी-दुधीवरून दुधी-फिकट अबोलीवर जाताना एकच पदर कापायचा आहे. दुसरा तसाच पुढे चालू राहतो. तरी निम्मे लोक दोन्ही कापून नव्याने सुरुवात करतात आणि मग टोकं लपवताना रडतात. नऊ पट्ट्यांत आठ बदल. एकेक पदर कापला तर बदलांची सोळा टोकं, सुरुवातीची दोन आणि शेवटची दोन मिळून वीस. दोन्ही कापले तर छत्तीस. गोळे संपल्याचे जोड वेगळेच.

नवा पदर नव्या ओळीच्या पहिल्या साखळीला घेऊ नका. ओळीच्या शेवटच्या मुक्या खांबात (हा क्रोशातला बुटका टाका) सुईवर दोन घरं (फास) उरली की जुना पदर सोडायचा, नवा धरायचा आणि त्याच्यासकट ती दोन घरं उतरवायची. मग वळायची साखळी नव्या जोडीत येते आणि कडेला जुन्या रंगाचा ठिपका राहत नाही.

प्रत्येक पट्ट्यात सम संख्येच्या ओळी ठेवा. नवा रंग जुन्यावर बसताना मागच्या बाजूला त्याच्या गाठीगाठी दिसतात. ओळी सम असल्या की प्रत्येक बदल सुलट बाजूला होतो आणि गाठी नेहमी उलट बाजूला राहतात. १० सेंमीत १३ ओळी येत असतील तर १२० सेंमीला १५६. त्याला नऊने भागून सतरा आणि काही येतं. सतरा नको, अठरा करा. लांबी चारेक सेंमी वाढेल, लोकरीच्या त्या दहा टक्क्यांत ते बसतं.

गाठ मारून टोक जवळ कापणं हा आळशीपणा आहे. ॲक्रिलिक गुळगुळीत असतं, दोनचार धुण्यांत गाठ सरकते आणि भोक पडतं. तान्ह्या बाळाच्या बोटात सुटलेला धागा अडकतो तो वेगळाच. किमान १५ सेंमी टोक ठेवा, बोथट सुईने त्याच रंगाच्या पट्ट्यात आधी एका दिशेला, मग उलट आणि मग वरच्या ओळीत फिरवा. टोकावरूनच विणत जायची युक्ती एकरंगी कामात ठीक. इथे फिकट पट्ट्यातून आतलं गडद टोक डोकावतं.

आणि बाकीच्या

लेबलवरचीच सुई दोन पदरांना वापरणं. ४ मिमी लिहिलं असेल तर दोन पदरांना ५.५ किंवा ६ घ्या, नाहीतर पायपुसणं होईल. पायाची साखळी घट्ट येत असेल तर तेवढी एक माप मोठ्या सुईने घाला.

उंच खांबांनी विणणं. खांबाच्या ओळी पट्टेच दाखवतात. रंग मिसळायला एक मुका खांब, एक साखळी हा टाका घ्या. सम संख्येची साखळी घालून सुईपासून चौथ्या साखळीत मुका खांब, मग एक साखळी, पायाची एक साखळी सोडून मुका खांब, असं शेवटपर्यंत. पुढच्या ओळींना दोन साखळ्या घालून वळायचं आणि मुके खांब खालच्या ओळीच्या साखळीच्या जागेत घालायचे. त्यामुळे वरचा रंग खालच्या ओळीत उतरतो आणि सीमारेषा मोडते.

कडा आत जाणं. वरच्या टाक्यात ओळीचा शेवटचा मुका खांब वळायच्या साखळीच्या जागेत असतो आणि तोच सुटतो. त्या जागेत वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा आणि दर दहा ओळींनी टाके मोजा. ‘नजरेने कळतं’ म्हणणाऱ्यांचं ब्लँकेट पतंगासारखं निमुळतं होतं.

सुईत दोनातला एकच पदर येणं. दुसरा मागे फासासारखा लोंबत राहतो. दिसला की तिथेच उसवा, पुढे लपत नाही.

एकाच गोळ्याची आतली आणि बाहेरची टोकं एकत्र धरणं. गुंता होतो. दोन गोळे दोन डब्यांत ठेवा.

सुती दोरा आणि ॲक्रिलिक एका ब्लँकेटमध्ये घेणं. एक आटतो, दुसरं आटत नाही.

गडद सुती दोऱ्याचा रंग न तपासणं. वीतभर दोरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालात रात्रभर गुंडाळून ठेवा. रुमालावर रंग उतरला तर तो दोरा दुधीच्या जवळपास फिरकू देऊ नका.

शेवटी इस्त्री. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकली की ते चपटं, लुळं पडतं आणि पुन्हा कधीच फुगत नाही. ब्लँकेट गार पाण्यात भिजवा, न पिळता जाड पंच्यात गुंडाळून पाणी टिपा आणि सतरंजीवर हाताने ओढून चौरस करून पंख्याखाली सपाट वाळवा. दोरीवर टाकू नका, ओल्या लोकरीच्या वजनाने खालचे पट्टे ओघळतात.