पोलिसाच्या मागे राहिलेल्या मुलांचे शिक्षण : कागदांची सुरुवात कोठून करावी

गडचिरोलीत कर्तव्यावर असताना पोलिसाचा मृत्यू होतो तेव्हा पहिले काही दिवस त्याच्या घरी अधिकारी, पुढारी आणि सोयऱ्यांची रीघ लागलेली असते. मुलांची बारावी येईपर्यंत मात्र अनेक वर्षे लोटतात, तेव्हाचे अधिकारी बदलून गेलेले असतात आणि कोणत्या शिष्यवृत्तीला कोणता कागद लागतो हे सांगणारे जवळ कोणी उरत नाही. म्हणून मूल प्राथमिक शाळेत असले तरी हे काम आजच हाती घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वांत आधी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून सेवेचे व मृत्यूचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यात नाव, हुद्दा, बकल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक), घटनेची तारीख व ठिकाण असतेच. परंतु मृत्यू नक्षलवादी हल्ल्यात झाला असेल तर नेमके तेच शब्द त्यात लिहिलेले आहेत की नाही, हे सही होण्यापूर्वी वाचून पाहावे. नुसते ‘कर्तव्यावर असताना मृत्यू’ असे लिहिल्यास पुढे अडचण येते, कारण पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत राज्य पोलिसांच्या मुलांचा हक्क दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यातील मृत्यूशी जोडलेला आहे.

१ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला केंद्र सरकारने ही योजना राज्य पोलिसांच्या मुलांनाही लागू केली आणि त्यांच्यासाठी वर्षाला ५०० जागा ठेवल्या. मुलीला महिन्याला ३,००० रुपये आणि मुलाला २,५०० रुपये या दराने रक्कम मिळते. बारावीला किमान ६० टक्के गुण असावेत आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला असावा. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

सर्वांत जास्त घोळ नावांचा होतो. एका मायने माझ्यासमोर रेशनच्या पिशवीतून कागद काढून ओळीने मांडले, तेव्हा वडिलांच्या सेवापुस्तकाच्या प्रतीत ‘मडावी’ हे आडनाव इंग्रजीत ‘व्ही’ने, तर मुलीच्या आधार कार्डावर ‘डब्ल्यू’ने लिहिलेले होते. माणसाला हा फरक जाणवतही नाही, पोर्टलवर मात्र तेवढ्यावरून अर्ज अडकू शकतो. दुरुस्ती दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव छापून आल्यानंतर हेलपाटे फार वाढतात.

मृत्यू अपघाताने किंवा बंदोबस्तावर असताना हृदयविकाराने झाला असेल, तर वरील योजना लागू होत नाही. त्या घराचे दुःख कमी असते असे नाही, आणि हा भेद मला स्वतःला सलतो. तरीही वाट पूर्ण बंद होत नाही. अशा कुटुंबाने अधीक्षक कार्यालयाच्या कल्याण शाखेत पोलीस कल्याण निधीतील शैक्षणिक मदतीसाठी लेखी अर्ज द्यावा आणि दुय्यम प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय परतू नये. तोंडी विचारणा कोणाच्याही लक्षात राहत नाही.

मुलीच्या बाबतीत आणखी एक आधार आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले असून त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे लागते. हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींनाच मिळतो. घाईत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर तो जातो. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या असून त्यांचे अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर भरतात. एकाच वर्षी दोन शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायचे असल्यास दोन्ही एकत्र चालतील काय, हे महाविद्यालयातील शिष्यवृत्ती लिपिकाला आधी विचारून घ्यावे.

भामरागडसारख्या भागात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद पडतो आणि नेटवर्कही जाते, आणि प्रवेशाची धावपळ नेमकी त्याच दिवसांत असते. म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र यांची कामे सेतू केंद्रातून आणि जात वैधतेचे काम जात पडताळणी समितीकडून उन्हाळ्यातच उरकावे, आणि विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री बँकेत समक्ष जाऊन करून घ्यावी.