‘प्लेट आणा’ म्हटलं म्हणून रिकामी ताटली नेऊ नका: परदेशातल्या इंग्रजीत या चुका टाळा

परदेशी निघालेली मुलं आणि त्यांच्याकडे राहायला जाणारे आईवडील इंग्रजीची तयारी करतात, ती बहुतेक वेळा वाक्प्रचारांच्या यादीवरून. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस, ‘ब्रेक अ लेग’ म्हणजे नाटकाच्या प्रयोगाआधी द्यायच्या शुभेच्छा. तयारी चांगलीच आहे, पण खरा घोळ इथे होत नाही. आभाळातून कुत्री-मांजरं पडत नाहीत हे कुणालाही कळतं, त्यामुळे कान टवकारतात आणि आपण विचारून घेतो. फसवतात ती अगदी साधी वाक्यं. त्यांचा शब्दशः अर्थ इतका सहज लागतो, की विचारावं असं मनातही येत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधलं ‘ब्रिंग अ प्लेट’ घ्या. शाळेचा, क्लबचा किंवा शेजाऱ्यांचा कार्यक्रम असला, की निमंत्रणात हे शब्द असतात. बाहेरून तिथे स्थायिक झालेल्या कुटुंबांमध्ये याचे किस्से पिढ्यानपिढ्या सांगितले जातात. यजमानांकडे भांडी कमी असतील असं समजून लोक स्वच्छ घासलेली रिकामी ताटली घेऊन पोचले, आणि बाकीच्यांच्या हातांत केक, सॅंडविच नि सॅलड! अर्थ एवढाच, की सगळ्यांना वाटून खाता येईल असा एखादा पदार्थ घेऊन या. आपल्याकडची डबा पार्टीच ती. कोथिंबीर वडी खुशाल न्या. शेंगदाण्याचा कूट घातला असेल तर मात्र आधी सांगा. तिकडे शेंगदाण्याच्या ॲलर्जीची फार काळजी घेतात, आणि ती रास्त आहे.

ऑस्ट्रेलियातच कुणी ‘माय शाउट’ म्हणालं तर ओरडाआरडा होणार नाही. या फेरीच्या पेयांचे पैसे तो देतोय. पुढची फेरी तुमची असते, म्हणून आभार मानून लगेच उठू नका.

उत्तर इंग्लंडमध्ये, म्हणजे यॉर्कशर-लँकेशरकडे, ‘कम राउंड फॉर टी’ असं बोलावणं आलं तर भरपेट जेवून जाऊ नका. तिथे बऱ्याच घरांत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवणच असतं. याच बोलावण्यात ‘हाफ सेव्हन’ ऐकलंत तर साडेसातला जा. जर्मन माणूस आपल्या भाषेतल्या सवयीने तिथे साडेसहाला पोचू शकतो, कारण जर्मनमध्ये तशाच शब्दांनी साडेसहा सांगतात.

लंडनला नव्याने गेलेल्यांना ‘यू ऑलराइट?’ हा प्रश्न अस्वस्थ करतो. आपला चेहरा उतरलाय का, आपण आजारी दिसतोय का, असं वाटतं, आणि मग कुणी मनापासून गुडघेदुखी सांगायला लागतं. तो नुसता नमस्कार आहे. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याने ‘काय, कुठे निघालात?’ विचारलं तर आपण पत्ता सांगत नाही, ‘हे काय, इथेच’ म्हणतो. तसंच इथेही ‘येस, यू?’ म्हणून पुढे व्हावं. दुकानदार हेच म्हणाला तर मात्र तो ‘काय देऊ?’ विचारत असतो.

मराठी माणसाची हमखास होणारी चूक ‘वुड यू माइंड’ने सुरू होणाऱ्या विनंतीची. ट्रेनमध्ये कुणी ‘वुड यू माइंड मूव्हिंग युवर बॅग?’ विचारतं. आपण अगदी आनंदाने ‘येस, येस!’ म्हणतो. त्याचा सरळ अर्थ ‘हो, माझी हरकत आहे’ असा होतो, आणि लगेच आपण बॅगही उचलतो. समोरचा गोंधळतो. ‘शुअर’ किंवा ‘नॉट ॲट ऑल’ म्हणा.

याच जातीची, पण जास्त काळजीची चूक दवाखान्यात होते. शस्त्रक्रियेआधी नर्स विचारते, ‘यू हॅवन्ट ईटन?’ मराठीत आपण ‘हो, नाही खाल्लं’ म्हणतो, म्हणून तोंडातून नुसतं ‘येस’ निघतं. ती ‘खाल्लंय’ असं समजू शकते. आईवडिलांना पाठवण्याआधी हे एक वाक्य घोकून घ्यायला लावा: ‘नो, आय हॅवन्ट ईटन.’ नकारार्थी प्रश्नाला कधीच एका शब्दात उत्तर देऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी सगळ्यांत महाग पडणारी वाक्यं सौम्य असतात. ब्रिटिश प्राध्यापक निबंधावर लिहितात, ‘यू माइट वॉन्ट टू लुक ॲट धिस सेक्शन अगेन.’ मुलांना वाटतं, वाटलं तर बघू. बहुतेक वेळा ती सूचनाच असते: हा भाग पुन्हा लिहा. ‘क्वाइट गुड’चं तर देशाप्रमाणे वजन बदलतं. अमेरिकन माणसाकडून ती चांगली शाबासकी असते, ब्रिटिश माणसाकडून पुष्कळदा ‘ठीक आहे’ एवढीच. उलट ब्रिटिशाचं ‘नॉट बॅड’ ऐकून खट्टू होऊ नका, ते कौतुक असतं.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेही इथे चुकतात. एप्रिल 1951मध्ये कोरियात, इमजिन नदीच्या लढाईत, ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी अमेरिकन वरिष्ठाला कळवलं, की परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. ब्रिटिश कानाला तो धोक्याचा इशारा होता. अमेरिकन सेनापतीने शब्दांपुरता अर्थ घेतला: कठीण आहे, पण निभावेल. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची बटालियन वेढली गेली आणि तिचे पाचशेहून अधिक सैनिक कैद झाले. नुसत्या एका वाक्यामुळे हे सारं घडलं असं नाही, पण त्या लढाईच्या हकिकतीत हे वाक्य आजही सांगितलं जातं.

अमेरिकन कंपन्यांबरोबर काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी ‘लेट्स टेबल धिस’कडे लक्ष द्यावं. आपल्या संसदेत कागदपत्रं पटलावर ठेवली जातात, म्हणजे ती सभागृहापुढे येतात. ब्रिटनमध्येही विषय ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला घेणं. अमेरिकेत अर्थ नेमका उलटा, विषय बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे लष्करी अधिकारी या शब्दावरून बराच वेळ वाद घालत बसले आणि मग कळलं, की दोघांनाही एकच हवं आहे. ही हकिकत खुद्द चर्चिल यांनी लिहून ठेवली आहे. बैठकीत हा शब्द आला की ‘आज बोलायचं की नंतर?’ असं तिथल्या तिथे विचारा.

अर्थ विचारायला संकोच वाटत असेल तर कृती विचारा. ‘व्हॉट शुड आय ब्रिंग?’, ‘विल देअर बी फूड?’, ‘डू यू नीड धिस चेंज्ड बाय फ्रायडे?’ असे प्रश्न कुणालाही खटकत नाहीत, आणि उत्तर स्पष्ट मिळतं. आणि चुकून रिकामी ताटली घेऊन पोचलातच, तर ती स्वयंपाकघरात ठेवा, खरं कारण हसत सांगा आणि कार्यक्रम संपल्यावर भांडी आवरायला थांबा.